रस्ता खराब आहे

दादाराव सोमकुवर जंगल खात्याच्या नाक्यावर चौकीदार होते. सौंसरहून पांढुर्ण्याकडे निघालं आणि संत्र्याच्या बागा मागं पडल्या, की त्यांचा नाका लागायचा. एक खोली, बाहेर एक बाकडं आणि रस्त्याच्या कडेला उभी केलेली बांबूची आडकाठी. लाकडाचा ट्रक आला की ती आडवी करायची, परवाना पाहायचा, पुन्हा वर करायची. बाकी मोटारी आणि बैलगाड्या तशाच जायच्या. कितीतरी वर्षं ते त्या बाकड्यावर बसत आले होते. कोणता ड्रायव्हर कुठं चहाला थांबतो, कोणाच्या बंडीचं चाक कुरकुरतं, हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं.

सकाळी सौंसरची पहिली मोटर आली, की कंडक्टर गुलाब खिडकीतून नागपूरचा पेपर त्यांच्या हातात द्यायचा. दादारावांचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबला. दादाराव सातवी शिकले म्हणून सरकारी नोकरी लागली, अंगावर खाकी आली, पोरीला शाळेत घालता आलं. छापील अक्षरानं त्यांना वर काढलं होतं. ते अक्षर खोटं बोलत असेल, असं त्यांच्या मनातसुद्धा यायचं नाही. ते पेपर मथळ्यापासून कापसाच्या भावापर्यंत वाचायचे आणि संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोला, पुष्पाला, त्यातलं निवडक वाचून दाखवायचे.

पंच्याऐंशी साली पावसाळ्यात त्या रस्त्यावर एका ट्रकवाल्याला मारून लुटलं. मारणारा त्याचाच जुना क्लीनर निघाला, पोलिसांनी त्याला पकडलंही. पण तोवर पेपरात 'सौंसर-पांढुर्णा मार्गावर सशस्त्र टोळी' असा मथळा येऊन गेला होता. तो मथळा कोणी परत घेतला नाही. त्यानंतर सावरगावात बकऱ्या चोरीला गेल्या, तर ती टोळी. दोन दारुडे भांडले आणि एकाचं डोकं फुटलं, तर तीही टोळीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांची गावं एकमेकांवर दगड मारतात, त्या गोटमारीत दर वर्षी किती डोकी फुटतात, त्याची भीती कोणी बाळगत नाही. पण टोळीच्या धाकानं पांढुर्ण्यात दिवेलागणीलाच दारं बंद व्हायला लागली. टोळी आधी एका बाईला पुढं करते, ती दारात येऊन रडते, आपण दार उघडलं की मागून माणसं घुसतात, असंही एकदा छापून आलं. ते तर बायकांनी पाठच केलं.

दादारावांनी नाक्यावरून एकही दरोडेखोर जाताना पाहिला नव्हता. एकदा त्यांनी गुलाबला विचारलं, "तुले दिसले का रे कधी?"

"नाई बा. आपल्या मोटरले तर कधी काई झालं नाई," गुलाब म्हणाला. "पण पेपरात देते, म्हणजे असंन ना काहीतरी."

"असंनच," दादाराव म्हणाले. "आडरस्त्यानं जात असतील."

त्यांची एकुलती एक मुलगी इंदू पांढुर्ण्यात दिली होती. जावई मधुकर कापसाच्या एका जिनात फिटर होता. हाताला गुण होता, बोलणं नम्र. सासऱ्याला वाकून जयभीम केल्याशिवाय खाली बसायचा नाही. जाम नदीच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं घेऊन दोघं राहत. लग्नाला चार वर्षं होत आली होती. मूलबाळ अजून नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याला सगळे मिळून नागपूरला दीक्षाभूमीवर गेले आणि परतताना इंदू दोन दिवस सौंसरला राहिली. पुष्पा तिची वेणी घालत होती. केस वर घेतले, तर कानामागून मानेवर निळा डाग उतरला होता.

"हे काय व माय?"

इंदूनं पदर मानेवर ओढून घेतला. मग म्हणाली, "चिडतात. बोललं तरी चिडतात, नाई बोललं तरी चिडतात. मले थोडे दिवस इथंच राहू दे ना."

पुष्पानं ते रात्री दादारावांच्या कानावर घातलं. त्यांना जेवण गेलं नाही. मधुकर बायकोला न्यायला आला तेव्हा त्यांनी त्याला बाजूला घेतलं. रागावून बोलायचं ठरवलं होतं, पण मधुकरनं आधीच मान खाली घातली.

"चुकलं मामाजी. सीझनमध्ये जिनात डोकं फिरून जाते. पुन्हा नाई होणार."

दादारावांच्या मनावरचा दगड उतरला. जावई समजदार आहे, चूक कबूल करतो, आणखी काय पाहिजे? इंदूची पिशवी त्यांनी स्वतः मोटरीवर चढवली. इंदू पायरीवर थांबून आईकडे पाहत होती.

"अंधार व्हायच्या आत पोचा, जावईबापू," ते म्हणाले. "रस्ता खराब हाये."

कापसाचा सीझन भरात आला. एका सकाळी गुलाबनं पेपर दिला आणि मोटर थोडा वेळ थांबवली.

"दादाराव, तुमची इंदू काल पांढुर्ण्याच्या स्टँडवर आली होती. म्हणे, बाबाले इचारा, मी येऊ का थोडे दिवस? सांजच्या मोटरनं निघते म्हणे, हे कामावर असतात तवा."

दादारावांच्या हातातल्या पेपरावर पहिल्याच पानावर होतं, 'धावत्या बसवर दगडफेक, प्रवासी भयभीत, टोळीचाच संशय.' त्यांनी ते वाचलं. सांजेची मोटर सौंसरला पोचेपर्यंत काळोख होतो. तरणी पोरगी, एकटी, अंगावर चार दागिने.

"तिले सांग," ते म्हणाले, "एकटी निघू नको म्हणा. रस्ता खराब हाये. घरातच राह्य, कडी लावून. रविवारी माझी सुटी हाये, मी स्वतः येतो घ्यायले."

गुलाबनं निरोप पोचवला. परतीच्या खेपेला त्यानं सांगितलं, "बरं म्हणली." दादाराव निश्चिंत झाले. घरी पुष्पाला म्हणाले, रविवारी इंदूला आणतो, चांगली महिनाभर ठेवून घेऊ. पुष्पानं त्याच संध्याकाळी चकलीची भाजणी दळून आणली.

शनिवारी सकाळी मोटर आली, पण खिडकीतून पेपर आला नाही. गुलाब स्वतः खाली उतरला.

"मोटरीत बसा, दादाराव. पांढुर्ण्याले चाला. पुष्पावैनीले घेऊन दुसरी गाडी येते."

"काय झालं?"

गुलाबनं त्यांचा दंड धरला. "इंदू गेली."

पांढुर्ण्याच्या घरासमोर गल्लीभर माणसं होती. मधुकर ओट्यावर बसून कपाळ बडवून घेत होता. तो कामावरून आला तेव्हा दार उघडं होतं, पेटी विस्कटलेली, इंदू चुलीपाशी पडलेली, गळ्यातली पोत आणि कानातलं गेलेलं, असं त्यानं पोलिसांना सांगितलं होतं. डोक्यात मार होता. कोणी काही विचारायच्या आधीच सारी गल्ली म्हणत होती, टोळी आली.

पेपरचा वार्ताहर सुरेश गावातच फोटो स्टुडिओ चालवायचा. तो आला, मधुकरशी बोलला, भिंतीवरचा लग्नाचा फोटो मागून घेऊन गेला. पोस्टमॉर्टेम होऊन इंदूला घरी आणलं. बायकांनी पडदा धरला. पुष्पानं लेकीला शेवटची आंघोळ घातली. ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. कोणाशी बोललीही नाही. सगळ्यांना वाटलं, धक्का बसला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पहिल्या पानावर होता. 'टोळीचे थैमान, तरुण विवाहितेचा बळी.' खाली शोकाकुल पतीचं मनोगत. त्याच दिवशी दुकानं बंद झाली आणि थान्यावर मोर्चा गेला. टोळीला पकडा, पकडा, अशा घोषणा झाल्या. मोर्च्याच्या पुढं मधुकर होता आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून दादाराव चालत होते. पोरगी गेली त्याचं दुःख दोघांचं सारखंच, असं त्यांना वाटत होतं.

इंदूच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. सौंसरच्या घरात दोघंच उरली. दादारावांनी सवयीनं पेपर उघडला. टोळीच्या शोधासाठी जादा पोलीस मागवल्याची बातमी होती. ती ते पुष्पाला वाचून दाखवू लागले.

"बंद करा ते," पुष्पा म्हणाली.

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलली होती. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"तिले आंघोळ मी घातली," ती म्हणाली. "पाठीवर वळ होते. हिरवे पडले होते, काई पिवळे. दंडावर बोटं उमटली होती, तेबी जुनी. ते त्या दिवशीचे नोते."

पुष्पानं खाली ठेवलेला पेपर दूर सारला.

"टोळी काय महिनाभर रोज तिच्या घरी येऊन राह्यली होती?"

दुसऱ्या दिवशी दादारावांनी नाक्यावर सुटी टाकली आणि पांढुर्ण्याला गेले. मधुकर जिनात होता. ते त्याच्याकडे गेले नाहीत. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरी, शकुंतलाबाईकडे गेले. इंदू त्यांना वैनी म्हणायची. बाईंनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि समोर न बसता चुलीकडे तोंड करून बसल्या.

"तुमाले काई ऐकू आलं असंन," दादाराव म्हणाले. "भिंत एकच हाये."

बाई बराच वेळ राख सारखी करत राहिल्या.

"मी भाकरी थापून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "दिवे लागायची वेळ. दार वाजलं. 'वैनी, दार उघडा, वैनी' म्हणे. मी उठली. कडीवर हातबी ठेवला. मंग मनात आलं, पेपरात दिलं हाये. आधी बाई येते, रडते, मंग माणसं घुसतात. पोरं घरात होती माझी."

"आवाज नाई ओळखला?"

"ओळखला." त्यांनी पदर तोंडावर धरला. "ओळखला, दादा. मले वाटलं, त्याइनं तिलेच धरून पुढं केलं असंन. तिच्या मागं माणसं उभी असतील."

"मंग?"

"मंग मधुकरचा आवाज आला. 'चाल घरात, तमाशा नको करू' म्हणे. तवा मले हायसं वाटलं. म्हटलं, चाला, घरचाच माणूस हाये."

दादारावांच्या हातातला गिलास तसाच राहिला. मधुकरनं तर सांगितलं होतं, तो तेव्हा जिनात होता.

"हे तुमी पोलिसाले काहून नाई सांगितलं?"

"पेपरात टोळी आली ना, दादा. फोटो आला. मले वाटलं, मंग आली असंन टोळी, तो पुन्हा कामावर गेल्यावर. एवढं छापलं, ते काय उगीच छापलं असंन? मीच चूक ऐकलं असंन." मग त्या वळल्या आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "मी कडी नाई काढली. नाई काढली मी."

दादारावांना त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. त्या बाईनं पेपर ऐकला होता, आणि त्यांनी स्वतः तो वाचला होता.

"थान्यात सांगसान का हे?" त्यांनी विचारलं.

"सांगीन."

नवरा नको म्हणत असतानाही त्या गेल्या. थानेदारांनी बाईंचं सगळं लिहून घेतलं. दाराची कडी कुठं तुटलेली नव्हती, ही गोष्ट त्यांच्याही मनात खुपत होती. जिनात चौकशी केली, तर मधुकर त्या संध्याकाळी मशीनचा पट्टा तुटल्याचं निमित्त करून मधेच बाहेर गेला होता. त्याच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली, फडक्यात बांधलेली पोत आणि कानातले सापडले. मग त्यानं कबूल केलं. ती पिशवी भरून बसली होती, म्हणाला. बापाकडे जायचं म्हणत होती.

पिशवी भरून. शुक्रवारी. रविवारची वाट पाहत.

दादाराव त्या रात्री पुष्पाजवळ बसले. "मीच सांगितलं तिले," ते म्हणाले. "घरात राह्य म्हणून."

"हाव," पुष्पा म्हणाली.

तिनं त्यांना दोषही दिला नाही आणि समजूतही घातली नाही. पुढं कधीही दोघांत त्यावर एक शब्द झाला नाही.

अटकेची बातमी पेपरात आली, पण ती दादारावांना दोनदा पानं उलटल्यावर सापडली. आतल्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली, 'विवाहितेच्या मृत्यूप्रकरणी पतीस अटक', एवढंच. इंदूचं नाव नव्हतं, फोटो नव्हता. टोळी आली नव्हती, हे कुठंच नव्हतं. पहिल्या पानावर मात्र दुसरीकडच्या एका चोरीखाली विचारलं होतं, 'टोळी पुन्हा सक्रिय?'

ते तो पेपर घेऊन सुरेशच्या स्टुडिओत गेले. सुरेशनं त्यांना खुर्ची दिली. तो वाईट माणूस नव्हता.

"मी पूर्ण लिहून पाठवलं होतं, दादाराव," तो म्हणाला. "आई शप्पथ. तिकडं कापलं. टोळी म्हटलं की पहिल्या पानावर घेतात. हे पाठवलं तर म्हणतात, नवरा-बायकोचं हाये, घरोघरी चालते, त्याची काय बातमी?"

"घरोघरी चालते, तर मंग रोज तेच छापा ना," दादाराव म्हणाले.

सुरेशनं समोरचा पेपर दुमडून बाजूला ठेवला.

"तुमच्या पेपरनं मी तिले घरात ठेवलं, सुरेशभाऊ. बाहेर भेव हाये म्हणून आत ठेवलं. आता एवढं तरी छापा, की बाहेर कोणी नोता."

सुरेश खाली बघत होता. मग उठून त्यानं खणातून लग्नाचा फोटो काढला, पुसला आणि त्यांच्या हातात दिला. दादारावांनी तो घेतला आणि ते स्टुडिओच्या पायऱ्या उतरून आले. तसं काही कधी छापून आलं नाही.

ते पुन्हा बाकड्यावर बसू लागले. गुलाब पेपर पुढं करायचा, ते हात हलवून नको म्हणायचे. मोटरीतली माणसं खिडकीतून त्यांच्याकडे बोट दाखवायची, "याइचीच पोरगी मारली बा टोळीनं." सुरुवातीला ते उठून खिडकीपाशी जायचे, खरं काय ते सांगायचे. माणसं ऐकून घ्यायची, अरेरे म्हणायची. मोटर सुटली की मागून ऐकू यायचं, "दुःखानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं." नंतर नंतर त्यांनी उठणं सोडलं. ट्रकवाले अंधार पडायच्या आत निघायची घाई करायचे, तेव्हा मात्र ते सांगायचे, "जा आरामात. मी इथं रोज बसतो. कोणी नाई रस्त्यावर." ड्रायव्हर हसायचे आणि काच वर करून घ्यायचे.

खटला छिंदवाड्याला चालला. तारखा पडत गेल्या. शकुंतलाबाई साक्षीला आल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या. वकिलानं विचारलं, आवाज ओळखला होता तर दार का उघडलं नाही? त्यांनी कडीवर हात ठेवल्यापासूनचं सगळं पुन्हा सांगितलं, भर कोर्टात, काही न लपवता. मधुकरला जन्मठेप झाली. निकालाच्या दिवशी कोर्टात पेपरचं कोणी आलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारच्या मोटरनं दादाराव आणि पुष्पा परत निघाले. गर्दी होती, एकत्र जागा मिळाली नाही. पुष्पा पुढच्या सीटवर बसली. शेजारी एक बाई होती, तिची सात-आठ वर्षांची पोरगी खिडकीशी. बाई बोलघेवडी होती. कुठं जाता, कुठून आल्या, असं विचारून झाल्यावर म्हणाली, "सौंसरकडचा रस्ता म्हटला की माझ्या पोटात गोळा येते. पांढुर्ण्याची ती पोरगी नाई का, टोळीनं मारलेली?"

पुष्पानं मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"सात जण होते म्हणतात. तिच्या कडेवर लेकरू होतं, तरी दया नाई आली मेल्याइले. नवरा येऊन पाह्यते तर दाराखालून रगत वाहून राह्यलं होतं. बिचारा येडा झाला."

"तुमी पाह्यलं होतं?" पुष्पानं विचारलं.

"पेपरात होतं ना. फोटो होता तिचा. काय रूप होतं हो पोरीचं!"

मागच्या सीटवर दादाराव सगळं ऐकत होते. त्यांनी पुढं वाकून बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

"ते माझी पोरगी होती," पुष्पा म्हणाली. "कडेवर लेकरू नोतं. टोळी नोती. तिच्या नवऱ्यानं मारलं तिले, घरात. आज सजा झाली, तिथूनच येऊन राह्यलो."

बाईचं तोंड उघडं राहिलं. तिनं पुष्पाचा हात धरला, आपल्या दोन्ही हातांत दाबला. तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं.

मोटर घाट उतरू लागली. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, उन्हात उघडं पडलेलं, लांबवर माणूस नाही. पोरगी खिडकीतून हात बाहेर काढून वारा पकडत होती. बाईनं एकदा बाहेर पाहिलं, पोरीला ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि काच बंद केली.